एका बाजूचं गवत

पत्रावरची तारीख २८ जानेवारी १७५४. लिहिणारा होरेस वॉलपोल. बाप रॉबर्ट वॉलपोल वीसेक वर्षं इंग्लंडचा कारभार हाकून गेलेला, त्यामुळे मुलाला पोटाची चिंता नाही. टेम्स नदीकाठी ट्विकनहॅमला त्यानं स्ट्रॉबेरी हिल नावाचं घर घेतलं, त्याला जुन्या गढीसारखे बुरूज आणि कंगोरे चढवले आणि आत चित्रं, नाणी, चिलखतं, काचा असला पसारा मांडला. पत्र जाणार होतं फ्लॉरेन्सला, तिथले ब्रिटिश वकील होरेस मॅन यांच्याकडे. या दोघांची मैत्री मोठी गमतीची. तरुणपणी इटलीत भेटले, १७४१ साली निरोप घेतला, आणि मग मॅन १७८६मध्ये वारेपर्यंत पत्रं लिहीत राहिले. पुन्हा एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

मॅननं त्याला बियांका कापेल्लो हिचं चित्र पाठवलं होतं. ही व्हेनिसची, पुढं टस्कनीची मोठी डचेस झालेली. चित्राच्या चौकटीवर काय नक्षी काढावी, असल्या रिकामपणच्या विवंचनेत वॉलपोल असताना व्हेनिसच्या घराण्यांच्या मानचिन्हांचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती आलं. त्यात कापेल्लो घराण्याच्या ढालीवर निळ्या गोळ्यात लिलीचं फूल काढलेलं. ती तर टस्कनीच्या राजघराण्याची खूण. म्हणजे बियांकाच्या लग्नापायी तो मान तिच्या माहेराला मिळाला असणार. वॉलपोल खूश. हवं ते आपल्याला असं अवचित सापडतं, हे त्यानं मॅनला कळवलं आणि या सापडण्याला घरच्या घरी एक नाव देऊन टाकलं. सेरेंडिपिटी. त्याच्याच म्हणण्याप्रमाणे ते एका बावळट परीकथेवरून सुचलं होतं. सेरेंडिपचे तीन राजपुत्र प्रवास करताना, ज्याच्या शोधात ते नव्हतेच अशा गोष्टी शोधून काढत. कशाच्या जोरावर? वॉलपोलनं दोन कारणं दिली: अपघात आणि चाणाक्षपणा.

आज परदेशी शिक्षणाच्या परीक्षांसाठी मुलं ज्या जाडजूड शब्दयाद्या पाठ करतात, त्यांत हा शब्द हमखास असतो. समोर अर्थ: सुखद योगायोग. पुढं वाक्यही असतं, जुन्या कोटाच्या खिशात नोट सापडली वगैरे. वॉलपोलच्या दोन कारणांपैकी एक तेवढं राहिलं, दुसरं वाटेत कुठं तरी गळून पडलं. खिशातली नोट आपण होऊन सापडते, तिच्यासाठी हात खिशात घालण्यापलीकडं काही करावं लागत नाही. तिला हा शब्द वापरणं म्हणजे राजपुत्रांना लॉटरीवाले म्हणणं.

राजपुत्रांनी काय केलं, ते मुळातून पाहण्यासारखं आहे. ही गोष्ट क्रिस्तोफोरो आर्मेनो या नावानं व्हेनिसमध्ये १५५७ साली इटालियनमध्ये छापली गेली. सेरेंडिपच्या राजाला, जाफरला, तीन मुलगे. त्यांना उत्तम गुरू दिले, शास्त्रं शिकवली, आणि मग बापानं त्यांना राज्याबाहेर घालवलं. पुस्तकात नाही ते पायाखाली कळू दे, असा हिशोब. परक्या मुलखात चालता चालता त्यांना एक उंटवाला भेटतो. माझा उंट हरवलाय, कुठं दिसला का? थोरला विचारतो, एका डोळ्यानं आंधळा आहे का? दुसरा विचारतो, एक दात पडलेला आहे का? तिसरा विचारतो, लंगडतो का? उंटवाला म्हणतो, अगदी तोच. मग या वाटेनं मागं जा, म्हणतात. तो जातो, हात हलवत परत येतो. हे त्याला आणखी खात्री देतात: उंटाच्या पाठीवर एका अंगाला लोणी होतं, दुसऱ्या अंगाला मध, आणि वर एक बाई बसलेली होती. बाई गरोदर होती.

आता एवढा तपशील ऐकल्यावर कुठलाही उंटवाला काय करील? आपल्याकडचा फौजदारही तेच करील. उंट न पाहता त्याचा पडलेला दात ज्याला ठाऊक, तोच चोर. तिघांना बेहराम बादशहापुढं उभं करतात, तो त्यांना कोठडीत टाकतो, मारून टाकण्याची भाषा होते. इतक्यात वाटेत मोकळा भटकणारा उंट तिसऱ्याच एका माणसाला सापडतो. बादशहा ओशाळतो आणि विचारतो, अरे, मग तुम्हाला कळलं तरी कसं?

उत्तरं ऐकताना लहानपणी जो आनंद होई तो अजून होतो. रस्त्याच्या एका बाजूचं गवत हिरवंगार असूनही तसंच होतं आणि दुसऱ्या बाजूचं खुरटं गवत खाल्लेलं होतं. चांगलं सोडून वाईट खाणाऱ्याला चांगलं दिसतच नसणार. वाटेवर अर्धवट चावलेल्या गवताच्या गुंडाळ्या पडल्या होत्या, उंटाच्या एका दाताच्या फटीतून पडतील एवढ्या. तीन पायांचे ठसे आणि चौथ्या पायाची फरपट. एका कडेला मुंग्यांची रांग, दुसऱ्या कडेला माश्या. एकींना लोण्याची ओढ, दुसऱ्यांना मधाची. आणि बाई? उंट जिथं बसवला तिथं बाईच्या पावलाचे ठसे होते, आणि त्यांच्याजवळ दोन्ही तळहातांचे, कारण जड अंगानं उठताना तिनं भुई दाबली होती. (आणखी एक पुरावा आहे, जो थोरामोठ्यांसाठी छापलेल्या प्रतीत असतो आणि मुलांच्या प्रतीतून गायब होतो. तो मी इथंही गाळतो.)

वॉलपोलनं पत्रात यातला फक्त आंधळ्या डोळ्याचा किस्सा घेतला. मुंग्या, माश्या, तळहात त्याला आठवले नसावेत किंवा गरज वाटली नसावी. मला मात्र या गोष्टीतली दुसरीच बाब अधिक मोलाची वाटते. राजपुत्र उंट शोधत नव्हते, आणि उंट त्यांना सापडलाही नाही. ज्या गोष्टीवरून अवचित सापडण्याचा शब्द निघाला, तिच्यात सापडण्याची कामगिरी एका बिननावाच्या वाटसरूची आहे. राजपुत्रांनी फक्त रस्ता वाचला. वाचायचं काही कारण नव्हतं, पुढं बक्षीस नव्हतं, उलट कोठडी होती. गवत एका बाजूनंच खाल्लेलं आहे, एवढं दिसलं आणि ते डोक्यात राहिलं.

चाणाक्षपणासाठी वॉलपोलनं योजलेल्या शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे, आणि तिथं ते विशेषण शिकारी कुत्र्याच्या नाकाला लावत. दुरून वास काढणारं ते नाक. या गुणाची जागा ग्रंथालयात नाही, पायवाटेवर आहे. ताडोबाच्या जंगलात उघड्या जिपमध्ये मागच्या बाकावर बसलो होतो, पुढं वाटाड्या. सगळ्यांच्या तोंडी नशीब. आज नशीब आहे का बघू, कालच्या गाडीचं नशीब जोरावर होतं. त्यानं हात वर करून गाडी थांबवली आणि धुळीकडं बोट दाखवलं. आमच्या आधी गेलेल्या गाडीच्या चाकोरीवर पावलाचा ठसा उमटला होता. चाकानं पाऊल मोडलं असतं तर वाघ आधी गेला. इथं पावलानं चाकाची नक्षी मोडली होती, म्हणजे तो गाडीनंतर गेला. “मादी होय,” तो म्हणाला, “बच्चे आहेत संग.” ठसा लांबट होता आणि बाजूला छोट्या पावलांची गर्दी. वाघीण काही दिसली नाही. बाकीचे नशिबाला बोल लावत परतले. मला वाटेत त्यानं अस्वलानं ओरबाडलेलं झाड दाखवलं, ते कोणी फारसं पाहिलं नाही.

वॉलपोलच्या पत्रातला दुसरा दाखला जंगलातला नाही, जेवणघरातला आहे, आणि माझ्या मते पहिल्याहून सरस आहे. लॉर्ड शाफ्ट्सबरी एकदा लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेंडनकडे जेवायला गेला. जेवता जेवता त्याच्या ध्यानात आलं की घरची बाई आपल्या पोटच्या पोरीशी, अ‍ॅन हाइडशी, जरा जास्तच अदबीनं वागते आहे. आईनं मुलीचा एवढा मान राखायचं कारण काय? एकच असू शकतं. मुलीचं लग्न राजाच्या भावाशी, यॉर्कच्या ड्यूकशी, गुपचूप लागलेलं आहे. तसंच निघालं. हा ड्यूक पुढं दुसरा जेम्स म्हणून गादीवर आला आणि अ‍ॅन हाइडच्या दोन मुली, मेरी आणि अ‍ॅन, इंग्लंडच्या राण्या झाल्या.

आपल्याकडं याचं कौतुक कोणाला वाटणार? ही विद्या इथं प्रत्येक पंगतीत बसलेली असते. नव्या सुनेनं बासुंदीची वाटी सरकवली आणि लोणच्याची फोड दोनदा मागून घेतली, की पलीकडच्या पानावरच्या आत्याबाई हात धुता धुता महिने मोजू लागतात. सासूला पत्ता नसतो, नवऱ्याला तर नसतोच. आत्याबाईंना लॉर्ड म्हणायची पद्धत नसल्यानं त्यांच्या नावावर एकही शोध जमा नाही.

आणि शब्द ज्या बेटाच्या नावावरून निघाला, ते बेटही फार लांबचं नव्हे. सेरेंडिप म्हणजे अरबी खलाशांचं सरनदीब, आणि सरनदीब म्हणजे आपलं सिंहलद्वीप, लंका. चौथ्या शतकातला रोमन इतिहासकार अम्मियानुस हा बादशहा जुलियनकडे आलेल्या वकिलातींची यादी देताना सेरेंदिवी लोकांचा उल्लेख करतो. सिंदबादच्या सफरीत सरनदीब येतं. आणि राजपुत्रांची गोष्ट व्हेनिसला पोचण्याआधी, १३०२च्या सुमारास, दिल्लीत अमीर खुस्रोनं फारसीत ‘हश्त बिहिश्त’मध्ये घातलेली होती. त्याची पाच काव्यांची ही माळ ज्या सुलतानाला अर्पण झाली तो अलाउद्दीन खिलजी. याच अलाउद्दीननं १२९६मध्ये देवगिरीवर येऊन रामदेवरावाला लुटलं होतं. हिरव्या गवताकडं न पाहणाऱ्या उंटाची गोष्ट अशा दरबारात वाचली जात होती, ज्याच्या खजिन्यात देवगिरीचं सोनं होतं. तिथून ती व्हेनिस, मग फ्रेंच, मग इंग्रजी अशी फिरत ट्विकनहॅमच्या गढीत आली. सिंहलद्वीपातल्या लोकांना या शब्दाबद्दल कधी कोणी विचारलं नाही.

वॉलपोलचा शब्द त्याच्या पत्रात झोपून राहिला. मॅनला लिहिलेली पत्रं १८३३मध्ये छापली गेली तेव्हा तो प्रथम लोकांसमोर आला, आणि तेव्हाही कोणी उचलला नाही. पुढं जुन्या पुस्तकांच्या शौकिनांनी वापरला. त्यांचं आयुष्यच रद्दीत रत्नं शोधण्यात गेलेलं. मग शास्त्रज्ञांनी घेतला. हार्वर्डचे शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९४५ सालच्या आपल्या पुस्तकात त्यावर आख्खं प्रकरण लिहिलं. प्रयोगशाळेच्या लोकांना तो आवडावा हे साहजिक. अलेक्झांडर फ्लेमिंग १९२८च्या सप्टेंबरात सुट्टीवरून परत आला आणि त्याच्या बशीत बुरशी लागलेली दिसली. बशी फेकून द्यावी अशीच होती. बुरशीभोवती जंतू मेलेले आहेत, हे त्याला दिसलं, कारण काही वर्षांपूर्वी स्वतःच्या शेंबडात जंतू मारणारं द्रव्य त्यानं पाहिलेलं होतं. पेनिसिलिनची गोष्ट सांगताना बुरशीचं नाव सगळे घेतात, शेंबडाचं कोणी घेत नाही.

त्यानंतर शब्दाला बरे दिवस आले आणि बऱ्या दिवसांत जे होतं ते झालं. न्यूयॉर्कमध्ये याच नावाचं आइस्क्रीमसाठी प्रसिद्ध हॉटेल आहे, २००१मध्ये याच नावाचा प्रेमपट आला. पणजीत २०१६पासून डिसेंबरात मांडवीकाठी सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. उत्तम भरतो, जुन्या इमारतींत नाटक, चित्रं, संगीत सगळं एका वेळी चाललेलं असतं. कुठं काय किती वाजता, याचं छापील वेळापत्रकही मिळतं. नावाशी त्याचा मेळ कसा घालायचा हे मला कळलं नाही. वेळापत्रक खिशात ठेवून वाट चुकलो, तर एका गल्लीत रंगमंचावरच्यापेक्षा बरी फुगडी पाहायला मिळाली.

मराठीला योगायोगाचं वावडं नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपण दिवसातून एकदा तरी म्हणतो. न्यायशास्त्री हेच काकतालीय न्याय म्हणून सांगत. आणखी एक घुणाक्षर न्याय आहे: लाकडात किडा भोकं पाडत जातो आणि चुकून एखादं अक्षर उमटतं. दोन्ही ठिकाणी कावळ्याला आणि किड्याला डोकं लागत नाही, हीच खरी मौज आहे. पण किड्यानं कोरलेलं अक्षर वाचणारा कोणी तरी तिथं उभा असतो. न्यायात त्याची गणना नाही.

अजिंठ्याला गेलं की हे सगळं माझ्या डोक्यात एकत्र होतं. २८ एप्रिल १८१९ला मद्रास घोडदळाच्या २८व्या पलटणीचा जॉन स्मिथ नावाचा अधिकारी वाघाच्या शिकारीसाठी वाघूर नदीच्या घळीवर आला, आणि समोरच्या कड्यात त्याला एका लेण्याची कमान दिसली. पुस्तकात म्हणतात, तेव्हा अजिंठ्याचा शोध लागला. मॅनला लिहिलेली पत्रं तेव्हा छापली गेलेली नव्हती, पण शब्द घरात असता तर कोणी तरी स्मिथच्या नावावर तो नक्की लिहिला असता. फक्त ज्या डोंगरावरून खाली पाहायचं, त्या डोंगरावरच्या गावाचं नाव लेणापूर आहे. लेणी माहीत नसलेल्या लोकांनी आपल्या गावाला असं नाव ठेवलं असेल, असं मला वाटत नाही. स्मिथ घळीत उतरला आणि दहाव्या लेण्यात बोधिसत्त्वाच्या चित्रावर आपलं नाव, पलटण आणि तारीख कोरून आला. त्याच्या वाट्याला वॉलपोलचं पहिलं कारण आलं, दुसरं आलं नाही.

दुसरं कारण मागून आलं, हळूहळू, वेगवेगळ्या माणसांच्या हातांनी. रॉबर्ट गिल १८४४पासून वर्षानुवर्षं चित्रांच्या नकला काढत बसला. त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला १८६६मध्ये लागलेल्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ ते १८८५ तिथं राबले. सतराव्या लेण्यात शिरलं की उजव्या भिंतीवर एक प्रचंड प्रसंग आहे. हत्ती नावांत उभे आहेत, भाले, लढाई, सुंदर बायका, पांढरा घोडा. ग्रिफिथ्सना तो लंकेच्या दंतकथेतल्या पहिल्या राजाचा, विजयकुमाराचा, लंकाप्रवेश वाटला; लंका त्यांनी बरोबर ओळखली, माणूस ओळखला नाही. पुढच्या अभ्यासकांनी बौद्ध कथा चाळल्या आणि घोड्यावरून उलगडा केला. हे सिंहल अवदान आहे. सिंहल नावाचा व्यापारीपुत्र जहाज फुटून राक्षसिणींच्या बेटावर पडतो, त्या देखण्या बायकांच्या रूपात स्वागत करतात, उडणारा घोडा बलाह त्याला वाचवतो, आणि शेवटी सिंहल सैन्य घेऊन त्या बेटावर येतो, जिंकतो. त्यावरून बेटाचं नाव सिंहलद्वीप.

पहारेकऱ्यानं दिव्याचा झोत घोड्यावर धरला होता. वाघ हुडकायला आलेल्या माणसाला ज्या घळीतली ही लेणी दिसली, तिच्यात सरनदीबच्या जन्माची गोष्ट दीड हजार वर्षं भिंतीवर होती. मी तिथं गेलो ते लेणी पाहायला. शब्दाचं मूळ भेटेल म्हणून गेलो नव्हतो. पहारेकऱ्याला सांगावंसं वाटलं, पण मागं शाळेची सहल उभी होती आणि मास्तर चला चला करत होते.

अपघाताचं एक फार खोडकर रूप मात्र प्रवरेच्या काठी पाहायला मिळतं. अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्यानं झाडाचं मूळ खणताना काशाच्या चार वस्तू बाहेर काढल्या. हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ. सगळ्या मिळून साठ किलोच्या वर. रथ हातभर लांब, त्यात माणूस उभा. देशभरच्या पुरातत्त्वज्ञांनी आ वासला. हडप्पा संस्कृतीचा हात गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता, असं म्हणायला यापरतं सुंदर दुसरं काय?

अडचण एवढीच की मूळ उपसताना माती हलली. वस्तू कोणत्या थरात होत्या, शेजारी कोणतं खापर होतं, कुठली राख होती, हे सांगणारी सगळी पावलं त्या खणण्यात पुसली गेली. शेतकऱ्याचा दोष नाही. तो जळण काढत होता. पुढची काही वर्षं एस. ए. साळींनी तिथं रीतसर उत्खनन केलं आणि या वस्तू उत्तर-हडप्पा काळातल्या ठरवल्या. दुसऱ्यांनी धातू तपासला, त्यात एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक सापडलं. त्या काळच्या इतर वस्तूंत तसं नाही, तेव्हा या बऱ्याच अलीकडच्या असाव्यात, असं म्हटलं. वाद मिटलेला नाही. हत्ती, गेंडा, म्हैस आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहेत आणि रथ दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. रथाच्या दांडीवर, बैलांच्या मागं आणि सारथ्याच्या पुढ्यात, एक कुत्रं उभं आहे. फलकावर वर्ष लिहिताना प्रश्नचिन्ह घालावं की नाही, यावर अजून तरी दोन मतं आहेत.